सुंभ आणि पीळ

(दृश्य : निपाणी, तंबाखूची वखार. चाळणीतून उडणारा धुरळा.)

१९८१ च्या तंबाखू आंदोलनाची निपाणी. पदर नाकातोंडाला बांधून चाळायला बसलेल्या या अक्का. जेवण झालं की चिमूटभर तंबाखू-चुना गालात. त्यांतल्याच एकीच्या मानेला गाठ आली. अक्का कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाहीत. गाठीचा तुकडा मात्र पाऊणशे किलोमीटरवर, बेळगावात पोचलाय.

(दृश्य : प्रयोगशाळा. मायक्रोटोमचं, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्राचं पातं, जवळून.)

टिकवणाऱ्या फॉर्मालिनमधून निघून मेणात बसलेला तुकडा. पात्यावरून तीन-चार मायक्रॉनची फीत सुटते, कोमट पाण्यावर सायीसारखी पसरते. प्रयोगशाळेतल्या ताई ती काचपट्टीवर अलगद उचलतात. हात हलला की सुरकुती पडलीच.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पेशी वाईट, कर्करोगाच्या दिसल्या, पण कूळ कळेना. लसिकाग्रंथीतच उपजलेला लिम्फोमा, की दुसरीकडच्या अस्तरातून येऊन बसलेला कार्सिनोमा? दोन्हींचे उपचार वेगळे.

कातडी, तोंडाचं अस्तर, आतडं. इथल्या एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या पेशींच्या आत केरॅटिन प्रथिनांचे धागे असतात. एक आम्लधर्मी, एक आम्लारिधर्मी, अशी जोडी पीळ घालून बसते. धाग्याची जाडी साधारण १० नॅनोमीटर. १९८२ मध्ये मॉल, फ्रांके आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनांना क्रमांक दिले. मोठ्या आतड्यात २०, स्तनात आणि फुप्फुसात ७, तोंडाच्या अस्तराच्या तळाशी ५ आणि १४. पेशी बिघडली, भलतीकडे जाऊन बसली, तरी केरॅटिन सहसा सोडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा पीळ.

(दृश्य : काचपट्टीवर थेंब. आवाज नाही, पाच सेकंद.)

सायट्रेटच्या द्रावणात तापवून झालं, केरॅटिनला चिकटणारं प्रतिपिंड लावून धुऊन झालं. आता डीएबी, प्रतिपिंड चिकटलं तिथं तपकिरी होणारं रसायन. बघा, नुसत्या डोळ्यांना दिसतंय, तपकिरी चढतंय. मग केंद्रकाला निळा रंग.

केरॅटिन तपकिरी. शेजारच्या पट्टीवर लिम्फोमाची खूण असलेलं सीडी-४५, गाठीच्या पेशींत कोरं. केरॅटिन ५/६ ची पट्टीही तपकिरी, म्हणजे आधी तोंड बघा. दाढेमागं, तंबाखू धरायची त्याच जागी व्रण सापडला. ऑपरेशन झालं, रेडिएशन चालू आहे.

(दृश्य : ताईंचे हात.)

ताई नवी काचपट्टी घेतात आणि नंबर टाकतात. पेन्सिलीनं. शाई मेण काढणाऱ्या झायलीनमध्ये धुऊन जाते.