घरच्यांना घेऊन कारनं नेपाळ: तिथले रस्ते एवढे का हादरवतात?

राम राम मंडळी! नांदेडहून कार घेऊन नेपाळला जाऊन आलो तेव्हापासून लई जण एकच विचारायलेत, रस्ता कसाय. तर सोनौलीपर्यंत, म्हणजे आपल्या बाजूच्या बॉर्डरपर्यंत, बोलायचं कामच नाही. आपला 361 नंबरचा हायवे धरायचा, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरी, मग नागपूर, जबलपूर, रिवा, प्रयागराज, गोरखपूर. मागं आई झोपलेली, पोरं धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी खाऊन मोबाईलवर. बॉर्डर ओलांडली की लुंबिनीपण जवळच, सपाट रस्ता, आपल्या मराठवाड्यातून तर तिथं लई माणसं जातात, अशोकाचा स्तंभ बघा, मायादेवी मंदिर बघा, निवांत होतं.

खरा हिसका बुटवल गावाच्या पुढं. तिथं दोन फाटे फुटतात, एक वर पाल्पावरून पोखऱ्याला अन् एक नारायणघाटावरून काठमांडूला. बॉर्डर ते पोखरा 180 किलोमीटरच्या आसपास आहे, आपण म्हणतो चार तासात जाऊ, परभणीहून संभाजीनगरला जातो तसं. दिवस जातो, पूर्ण दिवस! अन् नारायणघाटाकडं चौपदरीचं काम चालू होतं, दाउन्नेच्या चढाला तर डांबर कुठंय हेच दिसंना, पुढच्या ट्रकचा धुरळा, आई म्हणली, "बाळा, माझे मणके मोजून घे रे एकदा." पोरगी खिडकीत ओकायली, बायको माझ्याकडं बघायली जसं काय मीच खड्डे खांदलेत.

आता हे असं का, ते सांगतो, कारण "नेपाळचे रस्ते बेकार" म्हणून सोडून देणं मला पटत नाही. रस्ते आपल्याकडं कुठं कमी खराब आहेत? पण आपला रस्ता खालून बिघडतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, वरचं डांबर लाटा मारतं. डोंगर मात्र आपला गुणाचा, मांजरसुंब्याचा घाट बघा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पत्थर, फोडायलाच सुरुंग लागतो. नेपाळात उलटं. तिथं रस्ता वरून बिघडतो. हिमालय अजून वर उचलायलाय, अन् त्याच्या पायथ्याची जी चुरे टेकड्यांची रांग आहे, शिवालिक म्हणतो आपण, ती म्हणजे नद्यांनी आणून टाकलेली वाळू, चिखल, गोटे, नीट घट्टपण झालेले नाहीत. त्यात रुंदीकरणाला डोंगराचा पाय कापला अन् वर पावसाळा आला की आख्खा उतार खाली. बुटवलच्या पुढं लगेच सिद्धबाबाचा टप्पा लागतो, तिथं एवढे दगड येतात की शेवटी बोगद्याचंच काम काढलं.

काठमांडूच्या वाटेवर नारायणघाट ते मुग्लिन फक्त 36 किलोमीटर, पण एका अंगाला दरड अन् दुसऱ्या अंगाला त्रिशूली नदी. जुलै 2024 ला याच रस्त्यावर सिमलतालला दरड आली अन् दोन बस नदीत गेल्या. घाबरवायला सांगत नाही, पण जून ते सप्टेंबर लेकरंबाळं घेऊन तिकडं जाऊ नका, एवढं माझं ऐकाच. अन् रस्ता बंद असला, लाईन लागली, तर उताराच्या बरोबर खाली गाडी लावून चहा प्यायला उतरू नका, थोडं मागं उभं राहा, मागचा हॉर्न वाजवू दे किती वाजवायचा तो. (हॉर्नवरून आठवलं, काठमांडूत 2017 पासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदीय, आपल्या माणसाला हेच सगळ्यात अवघड जातं.)

कागदांचं आता. बॉर्डरवर गाडीचं भंसार, म्हणजे तिकडच्या कस्टमचा परवाना, काढावं लागतं, आरसी, लायसन, ओळखपत्र ओरिजिनल पाहिजे. मोठ्या माणसांनी पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड ठेवा, नुसत्या आधारवर निघू नका. भंसार दिवसावर असतं, जेवढे दिवस तेवढे पैसे, अन् मुदत संपल्यावर गाडी बाहेर काढली तर दंड. म्हणून प्लॅनपेक्षा दोन दिवस जास्तीचं घ्या, दरड पडली म्हणून दिवस थांबत नसतात.

अन् एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नाही, ती म्हणजे इन्शुरन्स. आपली पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळसाठी थोडा जास्तीचा प्रीमियम भरून हद्द वाढवून घ्यावी लागते, इन्शुरन्सवाल्याला निघायच्या आधी विचारा, काचेवर दगड आल्यावर नाही.

पैशाचं सोपंय, आपले 100 म्हणजे त्यांचे 160, भाव बांधलेलाच आहे. सुट्ट्या नोटा ठेवा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं असलं तर पाऊस संपलेला असतो अन् हिमालय स्वच्छ दिसतो, पण त्यांचा तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, तेव्हाच असतो, मुग्लिनला गर्दी पक्की. मग पहाटे पाचला निघायचं, दुपारी तीनपर्यंत हॉटेल गाठायचं, दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर धरायचंच नाही. उलटीच्या गोळ्या डिक्कीत नाही, पुढच्या कप्प्यात ठेवा.