बेल्टवरचा पंखा की विजेचा?

मंडळी, गळीत हंगाम तोंडावर आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "गाडी गरम होतेय, बेल्टचा फॅन काढून इलेक्ट्रिक बसवू का?" हा फॅन म्हणजे रेडिएटरमधून, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीतून, हवा ओढणारा पंखा; बेल्टचा फॅन इंजिनच्या ताकदीवर फिरतो, इलेक्ट्रिक विजेच्या मोटरवर. रेडिएटरच्या कामात माझी तीस वर्षं गेली आणि या प्रश्नाचं चुकीचं उत्तर किती महागात पडतं, ते मी घरातच पाहिलंय.

माझ्या मेव्हण्याचा ट्रक. डिझेल वाचेल या आशेनं त्यानं एका गॅरेजात इंजिनवरचा फॅन काढून दोन विजेचे फॅन लावून घेतले. आठवडाभर हायवेला गाडी झकास चालली. मग वैभववाडीकडून जांभ्याचे चिरे भरून तो करूळ घाट चढायला लागला. निम्म्या घाटात काटा लाल पट्ट्यात गेला आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, उडालं. वायर जळली नव्हती, फ्यूज गेला नव्हता. दोन्ही फॅन शेवटपर्यंत फिरत होते. तरीही गाडी तापली, आणि ती का तापली हे समजून घेण्यासारखं आहे.

डिझेल जळून जेवढी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानानं पाव ते तिसरा हिस्सा इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो आणि रेडिएटरमधून बाहेर पडतो. हायवेला सत्तरच्या वेगानं जाताना समोरचा वाराच बहुतेक काम करतो, तिथं फॅन नावापुरता असला तरी चालतं. घाटात सगळं उलटं होतं. इंजिन पूर्ण जोर लावतंय, गाडी पंधराच्या वेगानं रांगतेय, आणि दुपारी समुद्राकडून येणारा वारा नेमका पाठीमागून. म्हणजे समोरून येणारी हवा जवळपास शून्य. सगळा भार फॅनवर.

आता फॅनचा स्वभाव बघा. फेरे दुप्पट केले तर हवा दुप्पट मिळते, पण त्यासाठी ताकद आठपट लागते. म्हणून भरलेल्या मोठ्या ट्रकचा फॅन पूर्ण जोरात फिरताना वीस-वीस हॉर्सपॉवर खातो, काही गाड्यांत त्याहून जास्त. तेवढीच ताकद विजेनं द्यायची म्हटली तर पंधरा किलोवॅट. 24 व्होल्टवर हिशेब करा, सव्वासहाशे अँपिअर होतात. आणि ट्रकची वीज बनवणारा अल्टरनेटर? शंभर अँपिअरचा धरला तर त्याची सगळी वीज मिळून अडीच किलोवॅटसुद्धा होत नाही. त्यातच हेडलाइट, वायपर आणि बॅटरीचं चार्जिंग. मेव्हण्याचे फॅन फिरत होते ते खरं, पण घाटाला लागणारी हवा देण्याची ताकद त्यांच्यात कधीच नव्हती.

विजेचा फॅन फुकट फिरतो, ही समजूत तर डोक्यातून काढूनच टाका. अल्टरनेटरही बेल्टवरच फिरतो. इंजिनच्या ताकदीची वीज करायची, त्या विजेची पुन्हा ताकद करायची, दोन्हीकडे घट. वाचतं ते फक्त फॅन बंद असतो तेवढ्या वेळात.

तरी विजेचा फॅन वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. गावातल्या गावात माल पोचवणारी छोटी गाडी असेल, लक्ष्मीपुरीच्या गर्दीत तासन् तास रेंगाळणारी, तर तिला तोच योग्य. इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं मंद चालू, असलं की बेल्टचा फॅन मंद होतो, विजेचा मात्र पूर्ण वेगानं फिरतो. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत तर दुसरा मार्गच नाही, कारण पुली बाजूला आणि रेडिएटर समोर.

अवजड ट्रकसाठी माझं मत ठाम आहे: क्लच फॅन, म्हणजे गरज पडेल तेव्हाच इंजिनला धरून फिरणारा फॅन. त्याची पकड धरणारा-सोडणारा भाग म्हणजे व्हिस्कस क्लच. व्हिस्कस क्लचमध्ये सिलिकॉन ऑइल असतं. पुढच्या बाजूला दोन धातूंची एक पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम लागली की ती पट्टी वाकते, झडप उघडते, ऑइल खाचांत शिरतं आणि फॅन इंजिनला धरून फिरू लागतो. हवा गार झाली की पकड सुटते. म्हणजे सपाटीला डिझेल वाचतं आणि घाटात पूर्ण हवा मिळते. प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या बीएस-6 गाड्यांत बऱ्याच ठिकाणी हीच पकड कॉम्प्युटर ठरवतो. तिथं परस्पर फॅन बदललात तर गाडी एरर दाखवत बसेल.

क्लच गेला की बोल्ट मारून तो लॉक करायची आपल्याकडे पद्धत आहे. घाटात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक. पण सहा-सहा महिने तशाच गाड्या पळवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. फॅन अखंड ताकद खातो आणि तो वॉटर पंपावर असेल तर पंपाच्या बेअरिंगवर सारखा ताण येतो.

आणखी एक. फॅन बदलायच्या आधी रेडिएटरची जाळी बघा. ऊस ओढणाऱ्या गाडीत पाचटाचा भुगा बसतो, शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग नेणाऱ्या गाडीत काळी बारीक धूळ. तेल-मातीचा थर असला तर समोरून काही दिसत नाही, रेडिएटर आणि इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी दुसरी जाळी) यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघावं लागतं. आणि फॅनभोवतीचं काउलिंग, म्हणजे गोल आवरण, काढून फेकू नका. ते नसलं की पाती जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूचीच गरम हवा घुसळतात. माझ्याकडे "फॅन बदलून द्या" म्हणत आलेल्या कितीतरी गाड्या जाळी धुऊन आणि काउलिंग बसवूनच परत गेल्यात.

क्लच तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी चांगली तापवा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला आणि फॅन हातानं फिरवून बघा. जड लागला तर क्लच ठीक. मोकळा गरगर फिरला, किंवा क्लचच्या तोंडापासून बाहेर पसरलेला तेलकट, धूळ धरलेला पट्टा दिसला, तर ऑइल गेलंय. सकाळी गाडी चालू केल्यावर मिनिटभर फॅनचा मोठा आवाज येतो, त्याला घाबरू नका, रात्री उतरलेलं ऑइल जागेवर जाईपर्यंत तो येतोच. विजेच्या फॅनला मात्र असा हात कधीच लावू नका. इंजिन बंद असलं तरी पाणी गरम असेल तर तो आपोआप सुरू होऊ शकतो.