समुद्री शेवाळ: एका पट्टीत किती आयोडीन?

हे बघा, वाटीच्या तळाशी चिमूटभर काळपट चुरा आहे, चहाची पावडर वाटावी असा. आता यावर पाणी ओतलं. पाचेक मिनिटं थांबायचं फक्त. चुरा हळूहळू उलगडायला लागतो, हिरवागार होतो, आणि बघता बघता अख्खी वाटी भरून जाते. हे वाकामे. समुद्री शेवाळ, ज्याला आता सगळे सीविड म्हणतात.

खरं तर याला झाड म्हणणं चूक आहे, कारण याला मुळं नसतात. खडकाला धरून राहायला तळाशी पकड असते तेवढीच, बाकी जे काही हवं ते हे आख्ख्या अंगानं समुद्राच्या पाण्यातून ओढून घेतं. म्हणूनच तर त्याच्यात एवढं सगळं साठतं, आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आयोडीन.

आयोडीनचा शोधच मुळी शेवाळाच्या राखेतून लागला. साल १८११, नेपोलियनची युद्धं चालू होती, बंदुकीच्या दारूसाठी सोरा हवा होता आणि पॅरिसमध्ये बर्नार कुर्त्वा नावाचा माणूस तो बनवायचा, त्यासाठी शेवाळाची राख वापरायचा. एकदा त्या राखेच्या अर्कात सल्फ्युरिक ऍसिड जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ उठली, ती थंड जागी लागली तिथे तिचे काळे चकचकीत स्फटिक झाले. त्या जांभळ्या रंगावरूनच, ग्रीक शब्दावरून, आयोडीन हे नाव पडलं.

पुढे १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी विचार केला की गलगंडावर जळलेल्या स्पंजची राख द्यायची जुनी पद्धत आहे, मग त्या राखेतलं काम आयोडीनच करत असेल का? त्यांनी आयोडीन देऊन बघितलं आणि गळ्याची सूज उतरायला लागली. पण काही रुग्णांच्या छातीत धडधडायला लागलं, वजन झपाट्यानं घसरलं. म्हणजे औषध तेच आणि त्रासही त्याचाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती जे हार्मोन बनवते त्यातल्या एकात आयोडीनचे चार अणू असतात, दुसऱ्यात तीन, म्हणून तर त्यांची नावंच टी-४ आणि टी-३. शरीराचा वेग, ऊब, हृदयाचे ठोके, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ, सगळं याच्यावर चालतं. आणि लागतं किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५० च्या आसपास. डोळ्याला दिसणारही नाही एवढं.

आता हे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवलेत. हा पातळ, कागदासारखा, उजेडात धरला की जांभळट दिसतो आणि तव्यावर जरा शेकला की हिरवा होतो, हा नोरी. आणि हा जाड, चामड्यासारखा, वर पांढरी भुकटी बसलेला, हा कोंबू. (ती भुकटी बुरशी नाही हो, धुऊन टाकू नका, तो शेवाळाचाच गोडसर अंश आहे.) दोन्ही सीविडच, पण नोरीच्या एका शीटमध्ये दिवसभराच्या गरजेचा थोडा भाग मिळतो आणि कोंबूच्या अवघ्या १ ग्रॅममध्ये हजार-दोन हजार मायक्रोग्रॅम आयोडीन असू शकतं! म्हणजे नखाएवढा तुकडा आणि कित्येक दिवसांची बेगमी. म्हणूनच कुणी नुसतंच म्हणालं की सीविड खा, थायरॉइडला चांगलं, तर मला पहिला प्रश्न पडतो, कुठलं? कारण आयोडीन कमी पडलं तरी थायरॉइड बिघडते आणि अति झालं तरी बिघडते. कोंबू उकळलं तर बरंचसं आयोडीन पाण्यात उतरतं, पण ते पाणी प्यायलं तर ते पोटातच गेलं ना.

बरं, आता बोटानं हात लावून बघा, भिजलेलं कोंबू कसं बुळबुळीत लागतं. बऱ्याच जणांना तेच आवडत नाही, पण माझ्या मते आयोडीननंतर खरी किंमत त्याचीच आहे. तो बुळबुळीतपणा म्हणजे अल्जिनेट, विरघळणारा फायबर. हाच अल्जिनेट ऍसिडिटीच्या काही औषधांत घालतात, तो जठरातल्या अन्नावर जेलचा थर होऊन तरंगतो आणि ऍसिड वर येऊ देत नाही. शेवाळातले हे फायबर आपल्याला स्वतःला पचत नाहीत, ते पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले बॅक्टेरिया जमेल तेवढे खातात.

जमेल तेवढे म्हटलं, त्याला कारण आहे. २०१० मध्ये संशोधकांना जपानी लोकांच्या आतड्यातल्या बॅक्टेरियात एक असं जनुक सापडलं जे नोरीतली साखर तोडतं, आणि ते जनुक मूळचं समुद्रातल्या बॅक्टेरियाचं! पिढ्यान् पिढ्या शेवाळ खाल्लं, त्याच्याबरोबर समुद्रातले बॅक्टेरिया पोटात गेले, आणि त्यांची हत्यारं पोटातल्या बॅक्टेरियांनी उचलली. मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

चवीचंही सांगायला हवं. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला नाव दिलं, उमामी. सूपमध्ये ही चव असली की मीठ कमी घातलं तरी अळणी लागत नाही, आणि ज्यांचं बीपी वर असतं त्यांना हे नक्की कामाचं आहे.

मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे पण असतं, पण आपण खाणार दोन-चार ग्रॅम, त्यातून किती मिळणार. बी-१२ साठी तर यावर विसंबून राहू नका. आणि हिजिकी नावाचं काळं, बारीक काड्यांसारखं शेवाळ दिसलं तर सरळ टाळा, त्यात घातक प्रकारचं आर्सेनिक जास्त असतं, ब्रिटनच्या अन्न खात्यानंही ते खाऊ नका असंच सांगितलंय.

थायरॉइडची गोळी चालू असेल, गरोदर असाल, रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना शेवाळाचं नाव सांगा, नुसतं सीविड म्हणू नका. बाकीच्यांनी नोरीपासून सुरुवात करावी, आठवड्यातून दोन-तीनदा, भातावर चुरून किंवा सूपमध्ये. शेकायची मात्र शेवटच्या क्षणी, कारण हवेतला ओलावा लागला की पाच मिनिटांत मऊ पडते.