एका सेकंदाचं अंतर

नमस्कार श्रोतेहो.

गाडीच्या काचेवर बसवलेला छोटा कॅमेरा, डॅशकॅम, तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. काहींकडे दोन डोळ्यांचा असेल. एक डोळा समोर बघणारा, दुसरा मागच्या काचेतून मागे बघणारा. डोळे दोन, पण डोकं एकच बरं का! मागच्या कॅमेऱ्याची वायर छताच्या कडेकडेने पुढे येते, आणि बहुतेक डॅशकॅममध्ये दोन्हीकडचं चित्र पुढच्या डबीतली एकच चिप एकाच मेमरी कार्डावर लिहिते. मात्र लिहिते वेगवेगळ्या फायलींत. एवढं ध्यानात ठेवा: कार्ड एक, फायली दोन.

या फायली एक, तीन किंवा पाच मिनिटांच्या तुकड्यांत बनतात. पुढचा कॅमेरा सेकंदाला १६ मेगाबिट लिहीत असेल आणि मागचा ८, तर आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने मिनिटाला १८० मेगाबाइट झाले. ६४ जीबीचं कार्ड जेमतेम सहा तासांत भरतं. भरलं की सगळ्यांत जुना तुकडा पुसायचा आणि त्या जागी नवा लिहायचा, हे चक्र चालूच. गाडीला दणका बसला की आतला जी-सेन्सर तो जाणतो आणि चालू तुकड्याला कुलूप लावतो, म्हणजे तो पुसला जात नाही.

आता माझ्या ताईच्या गाडीची गोष्ट सांगतो.

संध्याकाळची वेळ, पाऊस भुरभुरत होता. भावोजी गाडी चालवत होते, ताई शेजारी. सिग्नलला गाडी उभी होती. मागून एक टेम्पो आला आणि धडकला. ताईची गाडी ढकलली जाऊन पुढच्या गाडीवर आदळली. सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. पण पुढच्या गाडीचा मागचा भाग चेपला, त्याचा खर्च कुणी द्यायचा? टेम्पोवाला म्हणाला, "मी नुसता टेकलो. पुढे ह्यांनीच ठोकलं. ब्रेकवरचा पाय सुटला असेल ह्यांचा."

भावोजी निर्धास्त होते, दोन्ही बाजूंचं चित्रण होतं ना! रात्री कार्ड घेऊन दोघं माझ्याकडे आले. मी दोन्ही फायली संगणकावर शेजारी-शेजारी लावल्या आणि एकदम सुरू केल्या. चाळिसाव्या सेकंदाला मागच्या चित्रात टेम्पोचं नाक काचभर झालं आणि चित्र हादरलं. आणि पुढचं चित्र? स्थिर. वायपर निवांतपणे एक फेरी मारून आला. समोरच्या गाडीचे लाल दिवे जागच्या जागी. मग एक्केचाळिसाव्या सेकंदाला ते दिवे धाडकन अंगावर आले.

पूर्ण एक सेकंद! म्हणजे मागून धक्का बसूनही गाडी हलली नाही, आणि नंतर आपली आपण पुढे गेली. टेम्पोवाला सांगत होता तेच पडद्यावर दिसत होतं. भावोजी बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "खरंच सुटला असेल का रे माझा पाय?" पंचवीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, पण त्या एका सेकंदापायी त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडाला होता. ते मला बघवेना.

माझा जन्म आवाज जुळवण्यात गेलाय. दोन ध्वनिमुद्रणं जुळवायची तर दोन्हींत सापडेल अशी एक खूण लागते. सिनेमावाले त्यासाठीच पाटी वाजवतात. इथे मागची फाइल मुकी होती, तिच्यात आवाजच नव्हता. मग डोळ्यांना दिसणारी खूण शोधत दोन्ही फायली मागे नेल्या. पुढच्या चित्रात नवव्या सेकंदाला चित्र दोनदा उसळलं, धप-धप. गतिरोधक! आधी पुढची चाकं, मग मागची. आणि मागच्या चित्रात? तेच दोन हेलकावे, पण आठव्या सेकंदाला. दोन्ही कॅमेरे एकाच गाडीला चिकटलेले. गाडीचा एक अर्धा भाग आधी आणि दुसरा सेकंदभराने कसा उसळेल?

तेव्हा कुठे माझं लक्ष फायलींच्या नावांकडे गेलं. पुढच्या फाइलच्या नावात वेळ होती १८४२१४, म्हणजे सहा वाजून बेचाळीस मिनिटं चौदा सेकंद. मागच्या फाइलच्या नावात १८४२१५. मागची फाइल एक सेकंद उशिरा सुरू झाली होती! दोन्ही शून्यापासून एकदम चालवल्या की मागची सबंध वेळ एक सेकंद पुढे धावणार. मागची फाइल सेकंदभर सरकवून पुन्हा लावली. टेम्पो भिडला त्याच क्षणी लाल दिवे अंगावर आले. भावोजींनी ते सात-आठ वेळा बघितलं. विमा कंपनीला आम्ही मूळ फायली जशाच्या तशा दिल्या, जुळवलेलं चित्रण वेगळं दिलं, आणि त्यांनी ते मान्य केलं.

म्हणून सांगतो, फाइलचं नाव बदलू नका. नावात तारीख असते, वेळ असते, आणि शेवटी बरेचदा पुढच्यासाठी एफ, मागच्यासाठी आर असं अक्षर असतं. लोक "अपघात नवीन", "अपघात फायनल" अशी नावं देतात, ते मला अजिबात पटत नाही. पूर्वी फोटोच्या पाठीमागे तारीख लिहायची पद्धत होती. किती चांगली पद्धत! मोबाइलवरून चित्रण पाठवतानाही ते दाबून लहान केलं जातं आणि गाडीचा नंबर वाचता येत नाही. मूळ फाइलच जपा.

ताईने चित्र खराब दिसतं म्हणून तारीख-वेळेचा शिक्का बंद ठेवला होता. तो चालू असता तर आमची रात्र वाचली असती. शिक्का चालू ठेवा. घड्याळही तपासा. जीपीएस असेल तर वेळ उपग्रहाकडून मिळते, फक्त आपला कालविभाग एकदा नीट निवडावा लागतो. जीपीएस नसेल तर घड्याळ हळूहळू मागेपुढे होतं, आतली छोटी बॅटरी संपली तर तारीखच भलती होते.

अजून एक. धडक तुकड्याच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत झाली, तर कुलूप बऱ्याचदा त्याच तुकड्याला लागतं. मागचा टेम्पो कसा येत होता हे आधीच्या तुकड्यात असतं, आणि गाडी चालवत राहिलात तर तो पुसला जातो. असं काही घडलं तर आधी डॅशकॅम बंद होऊ द्या, म्हणजे शेवटची फाइल नीट पुरी होते, आणि मग कार्ड काढून खिशात ठेवा. नमस्कार.