पारदर्शक पेटी: हाताने घडवलेले संगणकाचे कॅबिनेट

(दृश्य: टेबलावर कागद लावलेले शीट, त्यावर पेन्सिल आणि गुण्या.)

शीटवर दिसणारा हा तपकिरी कागद काम संपत येईपर्यंत काढला जात नाही, कारण उघड्या अ‍ॅक्रिलिकवर, म्हणजे या काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकवर, बसलेली धूळ कोरड्या फडक्याने पुसली तरी ओरखडे उठतात. रेषा आखायलाही हाच कागद उपयोगी पडतो. शीट ५ मिलिमीटर जाडीचे असून ते साच्यात ओतून बनवलेले आहे. रोलरमधून काढलेले शीट स्वस्त मिळते, परंतु करवतीखाली ते लवकर मऊ पडते आणि पात्याला चिकटते. शीटची निवड चुकली, तर पुढे कितीही कौशल्य दाखवले तरी कडा स्वच्छ निघत नाही.

(दृश्य: पात्याचा क्लोज-अप.)

सरळ काप करवतीने घेतलेले नाहीत. आकड्यासारख्या टोकाचे पाते पोलादी पट्टीच्या कडेने पुन्हा पुन्हा ओढले जाते, प्रत्येक फेरीत पांढरा, वळलेला कीस निघतो आणि खाच जाडीच्या सुमारे एक तृतीयांश खोल गेली, की शीट टेबलाच्या कडेवर ठेवून एकाच झटक्यात मोडले जाते. हा झटका घाबरत दिला, तर मोड वाकडा जातो. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे वर्तुळ मात्र बारीक दातांच्या करवतीनेच कापावे लागते, आणि तेही सावकाश, कारण वेग वाढला की घर्षणाने प्लास्टिक वितळते आणि मागची फट पुन्हा चिकटून बसते. लेझर यंत्राने हेच वर्तुळ क्षणात निघाले असते, हे मान्य. परंतु लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो आणि पुढे त्या कडेला स्पिरिट किंवा द्रावक लागले, तर तेथे जाळीसारख्या बारीक चिरा पडतात.

मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, मिनी-आयटीएक्स आकाराचा, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरचा आहे. त्याची चार छिद्रे अचूक चौकोनात नसतात, एक छिद्र आत सरकलेले असते. म्हणून मापे कागदावरून न घेता बोर्डच शीटवर ठेवून खुणा केलेल्या आहेत. ड्रिलचे नेहमीचे बिट अ‍ॅक्रिलिकमध्ये एकदम घुसते आणि पलीकडे निघताना टवका उडवते. त्यामुळे बिटची धार दगडावर मुद्दाम थोडी बोथट केलेली आहे आणि शीटखाली लाकडी फळी घट्ट आवळलेली आहे. २.५ मिलिमीटरच्या या छिद्रांत एम-३ चे, म्हणजे ३ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचे, आटे पाडले जातात. आटे पाडणारा टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा फिरतो.

(दृश्य: कडेवरून हॅकसॉ ब्लेडची पाठ फिरताना.)

चित्रीकरणाचा सर्वांत मोठा भाग या कडांवर खर्च झाला, आणि कामाचाही. प्रथम ब्लेडच्या पाठीने कड खरवडायची, मग पाण्यासोबत २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर ती घासायची. ज्या कडा जोडायच्या आहेत, त्यांचे काम येथेच थांबते. त्या आणखी चमकवल्या, तर कोपरे किंचित गोलावतात आणि सांध्यात हवेचे बुडबुडे राहतात. दर्शनी कडा मात्र २००० नंबरपर्यंत नेल्या आहेत.

(दृश्य: सिरिंजची सुई, सांध्यात पसरणारे द्रव.)

हा गोंद नाही. डायक्लोरोमिथेन हे पाण्यासारखे पातळ द्रावक आहे; सुईने सांध्याच्या तोंडाशी सोडले की केशाकर्षणाने ते स्वतःच आत धावते, दोन्ही पृष्ठभाग विरघळवते आणि उडून जाताना त्यांना एकजीव करते. त्याची वाफ घातक असल्यामुळे खिडक्या उघड्या आहेत. सांधा काही मिनिटांत धरतो, तरी क्लॅम्प २४ तास काढले जात नाहीत. येथे सुईतून एक थेंब समोरच्या पॅनेलवर निसटलेला दिसतो. असा थेंब पुसायचा नसतो, कारण पुसल्याने डाग फरफटतो. तो आपोआप उडू द्यावा लागतो. हात सवयीने फडक्याकडे जातो आणि मध्येच थांबतो, तो क्षण कॅमेऱ्याने सुदैवाने टिपला.

पत्र्याच्या कॅबिनेटसारखे हे कॅबिनेट नाही: ते विद्युतचुंबकीय लहरी अडवत नाही, उष्णता बाहेर नेत नाही आणि स्थिर विजेमुळे धूळही ओढून घेते, त्यामुळे पंख्यांवर जाळी बसवलेली आहे.

(दृश्य: अंधारी खोली. उरलेला कागद सोलला जातो.)

आतील एलईडीचा प्रकाश शीटमध्ये शिरतो, पृष्ठभागांवर आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो आणि जेथे पृष्ठभाग संपतो किंवा खरवडलेला असतो, तेथून बाहेर पडतो. म्हणून सपाट भाग काळे दिसतात आणि चारही कडा उजळतात. समोरच्या पॅनेलवर, डाव्या बाजूला, त्या थेंबाची जागाही.

(निवेदन थांबते. फक्त पंख्यांचा आवाज.)