परात खाली, तवा वर

(ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'साठीनंतरचा व्यायाम'. त्यावर बोलायलाच आलोय, पण सुरुवात भाकरीपासून करतो, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. आधी सांगा, इथल्या पुरुषांपैकी किती जणांनी आयुष्यात एक तरी भाकरी थापलीय? हात वर करा. चार. मागे एक हात अर्धाच वर आलाय. वहिनी शेजारी बसल्यात, त्यांच्याकडे बघून ठरवताय बहुतेक. असू द्या, साडेचार धरू.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे बायको न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मुलगी बंगळुरूला असते, ती चार दिवस राहून गेली. मग डबा लावायचं ठरत होतं, पण मला ते पटेना. सोलापूरच्या घरात भाकरी डब्यातून यायची? कडक भाकरीची गोष्ट निराळी. ती ठेवण्यासाठीच केलेली असते, आमटीत कुस्करावी, वर शेंगाचटणी घ्यावी. पण मऊ भाकरी तव्यावरून उतरल्या उतरल्याच खायची. डब्यात तिला घाम सुटतो. मी म्हटलं, मी करतो, तू सांग.

ती गळ्यात हात अडकवून खुर्चीवर बसली. पहिलंच वाक्य, "अहो, पाणी उकळू द्या. कोमट चालणार नाही." मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे कारण लगेच ध्यानात आलं. गव्हात ग्लुटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नाही. उकळत्या पाण्यात ज्वारीतलं पिष्ट फुलतं, चिकट होतं आणि तेवढ्याच जोरावर भाकरी एकत्र राहते. कारण कळलं, पण भाकरी काही जमेना. कड फाटायची. उचलताना मधूनच दुभंगायची.

तिसऱ्या दिवशी तिने पिठाचा डबा मागवला, चिमूटभर पीठ चोळून बघितलं आणि म्हणाली, "याची विरी गेलीय." म्हणजे पीठ शिळं झालं, त्याचा चिकटपणा गेला. दुकानातून आणलेलं तयार पीठ. पुडक्यावर सगळं छापलेलं, पण दळलं कधी ते सापडेना. याचा मला राग आहे आणि तो मी इथे बोलून दाखवतो. 2023 हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, ते आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या काळ्या रानात पेरणीनंतर पाऊस नसला तरी जमिनीतल्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते. आणि ती पिकते त्या जिल्ह्यात आपण शिळं पीठ विकत घ्यायचं? तेव्हापासून ज्वारी आणतो, निवडतो आणि तीन-तीन किलोच दळून आणतो. गिरणीत चालत जायचं, पिशवी खांद्यावर. हाही व्यायामच, पण त्याचं नंतर.

पीठ बदललं तरी हात राहिला होता. मी बोटांनी दाबत होतो. ती म्हणाली, "ढकलू नका, थापा. तळव्याचा भार कडेवर, मध्ये नुसता हात फिरवा. भाकरी आपली आपण फिरली पाहिजे." प्लास्टरमधून बाहेर आलेल्या चार बोटांनी ती हवेत दाखवायची. खाली कोरडं पीठ पुरेसं असलं तर भाकरी खरोखर फिरते. प्रत्येक थापेला बोटभर सरकते. आवाजही बदलतो. चुकत असतं तेव्हा थप् थप् असा जड आवाज येतो, जमायला लागलं की तो हलका होतो. मग दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकायची, पिठाची बाजू वर ठेवून. वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. अकराव्या दिवशी भाकरी फुगली. पापुद्रा सुटला, एका कडेने वाफ फुस्सकन निघाली. बायको काही बोलली नाही. डाव्या हाताने तिने पापुद्रा उचलला, आत तेल-तिखट घातलं आणि ती उभ्यानेच खाल्ली. चाळीस वर्षं मुलांना 'जमेल, रोज कर' म्हणत आलो. ते वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं, ते मला त्या अकरा दिवसांत कळलं.

आता मुद्दा. आमच्याकडे माझ्या आईची काठवट आहे, म्हणजे लाकडी परात, सागवानी, जड. ती ओट्यावर मावत नाही, म्हणून थापायचं खाली पाटावर बसून. गॅस मात्र ओट्यावर. म्हणजे प्रत्येक भाकरीला उठायचं, तव्यावर टाकायची, पुन्हा खाली बसायचं. सहा भाकऱ्या सकाळी, सहा रात्री. दिवसाला किमान बारा उठबशा! पहिल्या दिवशी एक हात पाटावर टेकायचा, दुसरा गुडघ्यावर. प्लास्टर निघालं तोवर मी हात न टेकता उठत होतो. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 51 ते 80 वयाच्या 2,002 माणसांना जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितलं. एकूण गुण दहा. हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी एक गुण वजा, तोल गेला की अर्धा. ज्यांना कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. उठता न येणं हे मृत्यूचं कारण नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण स्नायू, सांधे आणि तोल या तिन्हींचा हिशेब त्या एका हालचालीत दिसतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता भराभर घेतो.

चालणं. रोज दहा हजार पावलांचा आकडा जपानमधून आला, 1965 साली विकल्या गेलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून. तेवढी झाली नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल पण बोलता येईल इतकं चाला. हे आपण सगळे सिद्धेश्वर तळ्याच्या काठाने करतोच. राहतं ते पुढचं. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काम आणि आपल्या वयाला तीन दिवस तोलाचा व्यायाम. चहा उकळेपर्यंत ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभे राहा, मग दुसऱ्या. बायको पडली ती ओल्या फरशीवर, धरायला काहीच नव्हतं. न्हाणीघरात दांडी बसवायला गवंड्याला अर्धा तास लागला. ती दहा वर्षं आधी बसवली असती तर? आज घरी जाऊन बसवा.

खाणं. नुसत्या भाकरीने स्नायू टिकत नाहीत. वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणून डाळ, दही, अंडी, शेंगदाणे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून.

समोरून ताईंनी विचारलंय, खाली बसून कामं करूनच आमच्या आयांचे गुडघे गेले ना? बरोबर आहे. माझ्याही आईचे गेले. दहा माणसांच्या भाकऱ्या, धुणं, सारवण, सगळं तिच्या एकटीवर आणि जेवायला ती शेवटी. आम्ही पाटावर बसून फक्त ताट पुढे ओढत होतो. तिला अतिरेक, आम्हाला शून्य. तेच काम चौघांत वाटलं असतं तर तिचे गुडघे राहिले असते आणि वडिलांची कंबरही. एवढंच सांगायला मी आलोय. प्लास्टर निघून वर्ष होत आलं, रात्रीच्या भाकऱ्या अजून माझ्याकडेच आहेत.

वेळ संपली. सतरंजी भिंतीलगत घातलीय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी खुर्चीवरूनच उठबस करायची. बाकीच्यांनी जोडीने या, एकाने बसायचं, दुसऱ्याने शेजारी उभं राहायचं. ते मघाचे अर्धा हात वर करणारे, तुम्ही या आधी. वहिनी, तुम्ही शेजारी उभ्या राहा.