रॅम रिकामी ठेवून करायचंय काय?

स्क्रीनवर हा जो आलेख दिसतोय ना, तो टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आहे, ८ जीबीपैकी साडेसहा जीबी वापरात, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, आणि बऱ्याच जणांना हा आकडा बघूनच धाकधूक सुरू होते की झालं, मशीन भरलं. मग कुठला तरी रॅम बूस्टर, म्हणजे रॅम मोकळी करून देतो म्हणणारा प्रोग्रॅम, टाकायचा, बटण दाबायचं, आकडा धाडकन ४० वर येतो, बरं वाटतं. आणि लगेच ब्राउजरवर क्लिक केलं की तो दोन सेकंद नुसता गप्प. हा गप्प का बसला, ते आज बघू.

त्यासाठी जरा मागे जावं लागेल, १९६२ मध्ये. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या टीमने ॲटलस नावाचा कॉम्प्युटर उभा केला. तेव्हाची मुख्य मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक चुंबकी कड्या, प्रचंड महाग, त्यामुळे ती होती जेमतेम १६ हजार शब्दांची (शब्द म्हणजे इथे मेमरी मोजायचं एकक), आणि जोडीला एक फिरणारा ड्रम, स्वस्त पण हळू, त्यात ९६ हजार शब्द मावायचे. तोपर्यंत ड्रमवरचा कुठला तुकडा कधी वर आणायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच बघायचं, म्हणजे गणित राहिलं बाजूला आणि हमालीच जास्त. ॲटलसने हे काम स्वतःकडे घेतलं. मेमरीची ५१२ शब्दांची पानं पाडली, लागेल ते पान वर आणायचं, नको असलेलं खाली सोडायचं, आणि प्रोग्रॅमला वाटत राहणार की सगळी मेमरी एकच आहे. व्हर्च्युअल मेमरी म्हणतात ती हीच. पुढे १९८५ मध्ये इंटेलच्या ८०३८६ चिपमधून ही पानं साध्या पीसीत आली, ४ केबीचं एक पान, आणि आजही बहुतेक विंडोज मशीनमध्ये पानाचा आकार तोच आहे, गंमत आहे ना.

आता रॅममधल्या एखाद्या पानापर्यंत पोचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. तेच पान एसएसडीवर गेलेलं असेल तर साधारण १०० मायक्रोसेकंद, आणि जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर १० मिलिसेकंदांच्या आसपास. असे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून रॅमचा वेळ आपण एक सेकंद धरू. मग एसएसडीवरून आणायला १७ मिनिटं लागली आणि हार्ड डिस्कवरून २८ तास! रॅममधून खाली सोडलेली पानं विंडोज डिस्कवरच्या ज्या फाइलमध्ये ठेवतं ती पेजफाइल, त्यामुळे कोणी म्हणालं की पेजफाइल वाढवली की रॅम वाढल्यासारखं होतं, तर होतं, पण तिथलं प्रत्येक पान आणायला हा हिशोब लागू.

जुना ४ जीबीचा लॅपटॉप ज्याने वापरलाय त्याला हे सांगावं लागत नाही. आतून कर्र कर्र आवाज, डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही, माउसचा बाण उड्या मारत पुढे सरकतोय, आणि टास्क मॅनेजर एकदाचा उघडलाच तर डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र १० टक्क्यांवर, म्हणजे पानं वर-खाली करण्यातच सगळा वेळ जातोय आणि प्रोसेसर हातावर हात धरून बसलाय. याला थ्रॅशिंग म्हणतात, पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच यावर नीट लिहून ठेवलंय. त्या काळच्या सिस्टिम तर अजून भारी, प्रोसेसर मोकळा दिसला की त्या वरून आणखी एक काम आत घ्यायच्या.

तर बूस्टर करतो काय, चालू प्रोग्रॅमची पानं जबरदस्तीने रॅममधून बाहेर काढतो, आकडा खाली येतो, आणि तुम्ही क्लिक केलं की तीच पानं परत आणावी लागतात. ते दोन सेकंद तिथे गेले. मुळात विंडोज मोकळ्या रॅममध्ये लागतील अशा फायली आधीच भरून ठेवतं, कोणाला जागा लागली की क्षणात सोडूनही देतं, त्यामुळे रिकामी रॅम म्हणजे पैसे देऊन घेतलेली आणि पडून असलेली रॅम. ही बूस्टरची हौस जुनीच आहे म्हणा, १९९५ मध्ये सॉफ्टरॅम ९५ नावाचं सॉफ्टवेअर कॉम्प्रेशनने, म्हणजे रॅममधला डेटा दाबून कमी जागेत बसवून, रॅम दुप्पट करतो म्हणून लाखांनी खपलं, आणि नंतर कळलं की ते कॉम्प्रेशन त्यात होतच नव्हतं, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला मध्ये पडावं लागलं. आज मेमरी कॉम्प्रेशन खरंखुरं आहे, मॅकमध्ये २०१३ पासून, विंडोज १० मध्ये २०१५ पासून, ते आपलं आपण चालतं, तिकडे आपल्याला बघायची पण गरज नाही.

आता माझा पराक्रम सांगतो. कुठे तरी ऐकलं की पेजफाइल बंद केली की मशीन पळतं, केली बंद. दोन दिवस मस्त, तिसऱ्या दिवशी व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना ८३ टक्क्यांवर एडिटर धाडकन बंद, आणि टास्क मॅनेजरमध्ये तर दीड जीबी रॅम शिल्लक दिसतेय! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की बघायचा आकडा वेगळाच होता, त्याच्याच खाली, कमिटेड नावाचा. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज त्याला शब्द देतं, आणि दिलेला शब्द पाळता येईल इतकी जागा रॅम आणि पेजफाइल मिळून असावी लागते, मग तो प्रोग्रॅम ती जागा वापरो न वापरो. पेजफाइल काढली की ही मर्यादा रॅमएवढीच उरते, आणि मग शिल्लक रॅम समोर दिसत असूनसुद्धा नकार मिळतो. शिवाय ब्लू स्क्रीन आली तर तिचं कारण लिहून ठेवायलाही हीच फाइल लागते.

म्हणून सेटिंग सिस्टिमवरच सोडा. रॅमच्या दीडपट पेजफाइल हा नियम रॅम एमबीत मोजायचो तेव्हाचा, ३२ जीबीच्या मशीनला तो लावून एसएसडीचे ४८ जीबी कशाला अडवायचे. ठरावीक आकार ठेवा म्हणायचे ते पण हार्ड डिस्कवर फाइलचे तुकडे पडू नयेत म्हणून, एसएसडीला त्याचं काही पडलेलं नाही. लिनक्सवाल्यांसाठी स्वॅपिनेस, म्हणजे पानं डिस्कवर सोडायची ओढ किती ठेवायची ते सेटिंग, बहुतेक ठिकाणी ६० असतं, ते कमी करून बघायला हरकत नाही, पण जादू होणार नाही.

मशीन खरंच अडतंय का हे बघायचं तर रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीत जा, हार्ड फॉल्टचा, म्हणजे पान रॅममध्ये न सापडल्याने डिस्कवरून आणावं लागण्याचा, आलेख बघा. नवा प्रोग्रॅम उघडताना तो उसळतो, ते चालतं. पण काही न उघडता, नुसतं टाइप करताना तो सतत शेकड्यांत असेल तर रॅम कमी पडतेय, मग आधी स्टार्टअपमधली गर्दी कमी करा, ब्राउजरचे टॅब झोपवायची सोय चालू करा, आणि तरी भागलं नाही तर रॅम घ्या, जमलं तर एकसारख्या दोन स्टिक, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरता येतात. हार्ड डिस्क अजून आत असेल तर तिच्या जागी एसएसडी, २८ तासांचे १७ मिनिटं.

आणि तो माझा व्हिडिओ, पेजफाइल परत चालू करून त्याच ८ जीबीवर एक्स्पोर्ट झाला, कमिटेडचा आकडा तेव्हा ११ जीबीच्या पुढे होता.